कुलवृत्तान्तांत नसलेली नोंद

आमच्या कुलवृत्तान्तांत कोण कोठें शिकला, कोणाची कन्या कोणत्या घरीं दिली, हें सारें सांपडतें. कोणास कोणत्या वयांत कोणता विकार जडला, हें मात्र सांपडत नाहीं.

आमच्या वडिलांस तरुणपणींच मधुमेह झाला. आमच्या भगिनीस विवाहापूर्वीं. सोयरीक मोडेल या भीतीनें आम्हीं तें झांकलें. सासरीं ती गोळ्या चोरून घेई. पुढें तिच्या मुलास एकोणिसाव्या वर्षीं मधुमेह निघाला. आजोळची हकीकत डॉक्टरांस कोणीच सांगितली नाहीं. त्यास इन्शुलिन टोचणें सुरू झालें. तीन वर्षांनीं आम्हीं तोंड उघडलें, तेव्हां रक्तांतील जनुकाची तपासणी झाली.

या आनुवंशिक प्रकारास ‘मोडी’ म्हणतात. आपल्या जुन्या लिपीशीं त्याचा संबंध नाहीं. तीं इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें होत. टॅटरसॉल यांनीं १९७४ मध्यें अशा घराण्यांचें वर्णन केलें. एकाच जनुकांतील दोषानें तो होतो. आई किंवा बाप यांपैकीं एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास येण्याचा संभव निम्मा. भाच्यांत आढळलेल्या एच्. एन्. एफ्. वन् ए या जनुकाच्या दोषांत सल्फोनिलयुरियाच्या अल्प मात्रेच्या गोळ्या बहुधा उत्तम लागू पडतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं त्याचें इन्शुलिन सुटलें. वाचकांनीं मात्र आपल्या मतानें तें कदापि बंद करूं नये.

कुलवृत्तान्ताच्या कोऱ्या पानावर तिघांचीं वयें आम्हीं आतां लिहून ठेविलीं आहेत. भाच्याच्या विवाहाचीं बोलणीं निघतील, तेव्हां तेंच पान प्रथम दाखवूं.