मेडिकलच्या दिवशीचं बीपी

वार्षिक मेडिकल जवळ आलं की कुठल्याही युनिटात तेच चित्र दिसतं. आठवडाभर लोणचं-पापड बंद, पहाटेचं धावणं वाढलेलं. एखादे चाळिशी ओलांडलेले सुभेदारसाहेब तर कुणाकडून तरी मागून आणलेली गोळी घेऊन त्या दिवशी एमआय रूमच्या रांगेत उभे राहतात. आकडा बसतो, कागदावर शेप-वन लागतं, सगळे खूश. पुढचं वर्षभर त्यांच्या रक्तवाहिन्या काय सोसतात, ते कोणी मोजत नाही.

भीती कॅटेगरीची असते, आणि ती उगाच नाही. बढती, कोर्स, एक्स्टेन्शन, सगळीकडे मेडिकल कॅटेगरी बघतात. तरीही माझं मत असं की लपवलेलं बीपी हे कमी केलेल्या कॅटेगरीपेक्षा कितीतरी महाग पडतं. कॅटेगरी पुढच्या बोर्डात सुधारू शकते. पक्षाघाताने गेलेला उजवा हात पूर्वीसारखा परत येईलच असं नाही.

‘मला काही त्रास होत नाही, मग बीपी कसलं?’ हे मी तवांगपासून जैसलमेरपर्यंत ऐकलंय. त्रास होत नाही हीच तर अडचण. वाढलेला दाब बहुतेकदा वर्षानुवर्षं डोकंसुद्धा दुखू देत नाही आणि आतून हृदय, मूत्रपिंड, डोळे पोखरत राहतो.

१२०/८० च्या खाली असेल तर उत्तम. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा वर राहिला तर उच्च रक्तदाब; घरी शांतपणे मोजत असाल तर ही रेघ १३५/८५ धरतात. अमेरिकनांनी २०१७ साली ती १३०/८० वर आणली, आपले डॉक्टर बहुधा १४०/९० च मानतात. मात्र १३८ आला म्हणून पेढे वाटू नका. १३८ आणि १४२ मधला फरक कागदाला कळतो, रक्तवाहिनीला नाही.

मोजण्याची आपली तऱ्हाही न्यारी. जवान धावत येतो, कडक चहा प्यालेला, सॅल्यूट ठोकून बसतो आणि लगेच दंडाला पट्टा. आधी पाच मिनिटं गप्प बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, पट्टा उघड्या दंडावर. व्यायामाने दंड कमावलेल्याला मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा आकडा उगाच वाढवून दाखवतो. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून सरासरी काढली की खरं काय ते कळतं.

लेहला, साडेअकरा हजार फुटांवर, पहिल्या काही दिवसांत पुष्कळांचा दाब थोडा चढतो. अ‍ॅक्लिमटायझेशनमध्ये तेवढ्यावरून घाबरायला नको. पण आधीच गोळी चालू असेल तर ती खालीच सोडून येऊ नका, आणि आरएमओपासून लपवू नका.

आता खरा धोका. आकडा १८०/१२० च्या वर दिसला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला, पण त्रास काही नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूला बधिरपणा, जीभ अडखळणं, अंधुक दिसणं किंवा असह्य डोकेदुखी असेल तर पुन्हा मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल. जिभेखाली गोळी ठेवून घरीच आकडा पाडायचा जुना उपाय तर मुळीच नको. दाब एकदम कोसळला की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो.

निवृत्त मंडळींची तऱ्हा वेगळी. सुट्टीत गावी गेलो की कोणीतरी सांगतंच, ‘साहेब, नॉर्मल आलं, गोळी बंद केली.’ अहो, गोळी चालू होती म्हणूनच नॉर्मल आलं! ईसीएचएसमध्ये रांग लांब असते, कबूल. म्हणून पाकिटात शेवटच्या दहा गोळ्या उरल्या की निघायचं, शेवटची संपल्यावर नाही.