फ्लेमिंगोच्या फोटोत कोळी कुठे आहे?

नेरुळ-सीवूड्सकडे तुमचा एखादा मित्र राहत असेल, तर त्याच्या मोबाइलमध्ये फ्लेमिंगोचा एक तरी फोटो असणारच. गुलाबी पक्ष्यांचा थवा, मागे टॉवर, खाली हॅशटॅग. पालिकेनेही शहराला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणून मिरवलं, चौकाचौकांत फ्लेमिंगोचे पुतळे उभे केले. आता तोच फोटो झूम करून बघा. पक्षी दिसतात, बिल्डिंग दिसतात. त्याच पाण्यात पिढ्यानपिढ्या जाळं टाकणारा करावे, सारसोळे, दिवाळे गावचा कोळी कुठे दिसतो का?

‘पर्यावरण’ आणि ‘सामाजिक न्याय’ हे आपल्याला दोन वेगवेगळे विषय वाटतात. एक ईव्हीएसच्या पेपरातला, दुसरा राज्यशास्त्राच्या. नवी मुंबईत मात्र दोन्ही एकाच भरतीच्या पाण्यावर उभे आहेत.

तलाव सुकला तेव्हा

२०२४ च्या एप्रिलमध्ये नेरुळच्या डीपीएस तलावाजवळ फ्लेमिंगो मेले आणि बातमी देशभर गेली. कारण समजून घेण्यासारखं आहे. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो आणि पक्षी तिथे खातात. भरती आली की तो चिखल बुडतो. मग त्यांना टेकायला उथळ पाणी लागतं. डीपीएस तलाव आणि टी. एस. चाणक्यजवळच्या पाणथळ जागा म्हणजे त्यांची ही भरतीच्या वेळची विसाव्याची ठिकाणं. तलावात समुद्राचं पाणी येण्याच्या वाटा अडल्या, तलाव सुकला आणि पक्ष्यांचा आसरा गेला.

स्थानिक पर्यावरण कार्यकर्ते, रहिवासी आणि पक्षिनिरीक्षकांनी हा विषय लावून धरला. फोटो काढले, तक्रारी केल्या, निवेदनं दिली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांच्या या तलावाला ‘संवर्धन राखीव’ दर्जा द्यायला मंजुरी दिली. त्याआधी २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं होतं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला होता.

यात भावनेइतकाच व्यवहारही आहे. बीएनएचएस ही संस्था या पक्ष्यांचा अभ्यास करते. तिच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की या जागा गेल्या तर पक्षी दुसरीकडे जागा शोधतील आणि ते विमानतळाच्या परिसरात गेले तर विमानांनाच धोका. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालंय. म्हणजे तलाव वाचवणं ही फक्त पक्षिप्रेमींची हौस नाही.

तीच भरती, दुसरी गोष्ट

आता खाडीने थोडं खाली, उरणकडे या. भरतीच्या वाटा इथेही अडल्या, पण बंदराच्या भरावाने. जेएनपीटीच्या विस्तारासाठी भराव पडला, खारफुटी गेली, होड्यांचे जुने मार्ग बंद झाले. खारफुटीच्या मुळांमध्ये कोळंबी, चिंबोरी, लहान मासे वाढतात. ती जागा गेली की मासळी जाते आणि मासळी गेली की घराचं उत्पन्न.

इथले पारंपरिक मच्छीमार हरित लवादात गेले. अर्जदारांमध्ये पहिलं नाव होतं रामदास जनार्दन कोळी यांचं. २७ फेब्रुवारी २०१५ ला लवादाच्या पुणे खंडपीठाने निकाल दिला. १,६३० मच्छीमार कुटुंबांना मिळून ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपयांची भरपाई. भागून बघा, एका कुटुंबाचे ५ लाख ८४ हजार होतात. पैसे द्यायचे होते जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांनी.

आकडा मोठा वाटतो ना? पण पिढ्यानपिढ्या चाललेला धंदा, तेव्हाची किंमत एवढीच. तरीही निकाल महत्त्वाचा आहे. खाडी बुजवल्याने फक्त ‘निसर्गाची हानी’ होत नाही, कुणाची तरी रोजीरोटी बुडते आणि तिची भरपाई द्यावी लागते, हे त्याने कागदावर आणलं.

हा शब्द आला कुठून?

‘पर्यावरणीय न्याय’ हा शब्द चर्चेत आला अमेरिकेतून. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेन काउंटीत विषारी माती पुरायचं ठरलं आणि जागा निवडली ती गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीजवळची. लोक रस्त्यावर आडवे झाले, शेकडो जणांना अटक झाली. प्रश्न साधा होता : कचरा कायम आमच्याच दारात का? पुढे रामचंद्र गुहा आणि जोन मार्टिनेझ-आलिये या अभ्यासकांनी ‘गरिबांचा पर्यावरणवाद’ ही कल्पना मांडली. गरीब माणूस जंगल किंवा नदी वाचवायला उभा राहतो, कारण त्याची चूल त्यावर चालते.

आपल्याकडे हे नाव नसतानाही लढा होताच. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. मोबदला आणि हक्कासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तुमच्या वर्गातल्या आगरी-कोळी मित्राच्या घरी ‘साडेबारा टक्के’ हा शब्द रोजच्या बोलण्यात असतो. त्याला एकदा विचारा.

पण त्या योजनेत एक फट होती. तिचा हिशेब जमिनीचा होता. सातबारा असेल त्याला भूखंड. खाडीचा सातबारा कोणाच्या नावावर असतो? कोळ्याचं शेत म्हणजे पाणी आणि पाण्याला उतारा नसतो. म्हणून त्याला स्वतःचं नुकसान सिद्ध करायला लवादापर्यंत जावं लागलं.

मग भांडण कुणाचं?

कधी कधी ऐकू येतं, ‘टॉवरवाल्यांना व्ह्यू वाचवायचाय म्हणून फ्लेमिंगो.’ यात थोडं तथ्य असेलही. पण तलावात भरतीचं पाणी परत यावं, खारफुटी तुटू नये, भराव थांबावा, ही मागणी कोळ्याचीही आहे. १७ सप्टेंबर २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की खारफुटीचा नाश हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या २००४ च्या याचिकेवरचा हा निकाल. चौदा वर्षं लागली. पण जगण्याचा हक्क म्हटल्यावर तो टॉवरमधल्याचा तसाच कोळीवाड्यातल्याचाही.

खरी अडचण पुढे आहे. ‘संवर्धन राखीव’साठी कायद्यात एक व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात ग्रामपंचायतींचे, स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी असतात. नेरुळमध्ये तर ग्रामपंचायतच नाही, महापालिका आहे. मग गावच्या कोळ्याला खुर्ची कोण देणार? पक्षी वाचले आणि जाळं टाकणाराच बाहेर राहिला, तर त्याला न्याय कसं म्हणायचं? भरावाने जे केलं तेच कुंपणाने केलं, एवढाच फरक.

तुम्ही काय करू शकता?

मोर्चाला जायलाच हवं असं नाही. या सगळ्या लढ्यांत उपयोगी पडले ते नोंदी ठेवणारे : तारखेसह काढलेले फोटो, पक्ष्यांची मोजणी, जुने नकाशे, माहिती अधिकाराचे अर्ज. अर्जाची फी आजही १० रुपये आहे, एका वडापावच्या आसपास.

बीएमएमला असाल तर करावे किंवा दिवाळ्यातल्या एखाद्या आजींना बोलतं करा. त्यांच्या लहानपणी कुठे काय मिळायचं, कुठली वाट बुजली, कधी बुजली, हे लिहून घ्या. सिव्हिलला असाल तर जुनं आणि आजचं सॅटेलाइट चित्र शेजारी ठेवा. लॉ करत असाल तर रामदास कोळी प्रकरणाचा निकाल काढून वाचा. ही माहिती आज कुणाच्या तरी आठवणीत आहे, उद्या ती पुरावा म्हणून लागेल.

आणि पुढच्या वेळी फ्लेमिंगोचा फोटो टाकाल, तेव्हा कॅप्शनमध्ये त्या पाण्याचं गावही लिहा.