फॉरमॅट मारू देऊ नका

नांदेड-लातूरकडचे जुने कंप्युटर अजून कामावर आहेत. डीटीपीवाल्याचं पेजमेकर त्यावरच चालतं, फोटो स्टुडिओवाल्याने गेल्या कितीतरी हंगामांची लग्नं त्यात साठवलेली असतात, लातूरच्या ट्यूशन एरियात सरांचे प्रश्नसंच त्यातच असतात. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेलेला, लाईटचं जाणं-येणं चालू, आणि एका सकाळी काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ उमटते की बूट करायला डिस्कच सापडत नाही. मालक सीपीयू स्कूटरवर पायांमध्ये ठेवून रिपेअरिंगच्या दुकानात नेतो. तिथला पोरगा सवयीने म्हणतो, "फॉरमॅट करून विंडोज मारून देतो, संध्याकाळी या."

त्याला तिथेच थांबवा. डिस्क दिसत नाही म्हणजे ती मेली असं नसतं. पुष्कळदा दोष केबलीत, सेलमध्ये नाहीतर वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये असतो आणि आतला माल जागच्या जागी असतो. तो घालवायचं काम फॉरमॅट करतो.

सुरुवात कानाने करा. सीपीयूचं झाकण काढा, चालू करा आणि डिस्कच्या कडेला बोट हलकेच टेकवा. सीपीयूतली डिस्क साधारण मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते. फिरत असेल तर बारीक थरथर लागते. थरथर नसेल तर तिला वीज पोहोचते की नाही ते आधी पाहायचं, पॉवरची दुसरी पिन लावून बघायची. टक-टक, टक-टक असा ठोका ऐकू आला तर मात्र बटण ताबडतोब बंद करा. त्याचं पुढे सांगतो.

केबलीला हात लावण्याआधी प्लग भिंतीतून काढा. साटाची अरुंद केबल जुनी झाली की सैल बसते. ती बदला, मदरबोर्डवर शेजारच्या जागी लावून बघा. त्याहून जुन्या कंप्युटरात आयडीईची रुंद पट्टी असते, 40 पिनांची. तिची लाल कड बहुतेक डिस्कवर पॉवरच्या पिनेकडे येते. या पट्टीवर दोन वस्तू लावल्या, डिस्क आणि सीडी ड्राइव्ह म्हणा, तर एक मास्टर आणि एक स्लेव्ह लागते. ते ठरवतो मागचा इवलासा जंपर. दोन्ही मास्टर झाल्या की कधी एक गायब, कधी दोन्ही. कुणीतरी दुसऱ्या कंप्युटरची डिस्क हौसेने जोडलेली असते आणि आपण मात्र विजेला शिव्या देत बसतो. जंपर कुठे लावायचा याचं चित्र बहुधा डिस्कच्याच स्टिकरवर छापलेलं असतं.

आता सेल. मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर 2032, 3 व्होल्टचा. तो उतरला की चालू करताना कंप्युटरची तारीख भलत्याच जुन्या सालात जाते. हे चिन्ह दिसलं तर सेल बदलाच, पण तेवढ्याने काम होत नाही. सेलबरोबर बायोसच्या सेटिंगही मूळ पदावर गेलेल्या असतात. विंडोज एक्सपी सहसा साटाचा मोड आयडीईवर ठेवून टाकलेली असते. मोड एएचसीआयवर गेला की चालू होताना निळा पडदा येतो. दुकानात याचं निदान हमखास "विंडोज करप्ट" असं होतं. खरं तर डिलीट किंवा एफ 2 दाबून बायोसमध्ये जायचं, मोड परत आयडीईवर करायचा आणि सेव्ह करून बाहेर यायचं.

एसएमपीएसवर आपल्याकडे फार कमी लोक संशय घेतात. सीपीयूतल्या मोठ्या डिस्कची मोटर 12 व्होल्टवर चालते. उन्हाने आणि धुळीने जुना झालेला एसएमपीएस तेवढा दाब धरत नाही. डिस्क फिरायला लागते आणि दम तुटल्यासारखी थांबते. म्हणून डिस्क गेली असा निकाल देण्याआधी ती दुसऱ्या चांगल्या कंप्युटरला लावून बघाच. यूएसबी कन्व्हर्टरही चालतो, पण मोठ्या डिस्कसाठी त्याला स्वतःचा अॅडाप्टर हवा. नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती फिरत नाही.

तिथे डिस्क दिसली आणि विंडोज म्हणालं, वापरण्याआधी फॉरमॅट करा, तर कॅन्सल. चेकडिस्कही चालवू देऊ नका. तो विंडोजची घडी बसवतो, तुमच्या फायलींची हमी घेत नाही. दुकानदाराला स्पष्ट सांगा, आधी पूर्ण डिस्कचा क्लोन दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि जे काय करायचं ते क्लोनवर करा. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे काम फुकटात करतं. दुकानदाराने नाही म्हटलं तर दुकान बदला.

टक-टक वाजणारी डिस्क इथल्या दुकानाचं काम नाही. आतलं हेड तबकडीवरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. आपल्या हवेतला धुळीचा कण त्यापुढे धोंडाच. डिस्कचं झाकण उघडू नका, फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकून सोडून द्या. तसल्याच मॉडेलचा बोर्ड बदलूनही आजकाल भागत नाही, कारण त्या-त्या डिस्कची मोजमापं तिच्याच बोर्डावरच्या चिपमध्ये असतात. अशी डिस्क पुण्या-हैदराबादेकडच्या रिकव्हरीवाल्याकडे न्यावी लागते आणि खर्च सोसवेल असा नसतो. डाटा निघाला नाही तर किती घेणार हे आधी विचारा, डिस्कचा सीरियल नंबर वहीत टिपून ठेवा.

डाटा हाती आला की आणखी एक काम उरतं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 साली झालं, आणि त्यानंतर इथल्या डीटीपी दुकानांत किती मराठी प्रबंध टाइप झाले असतील! ते, लग्नपत्रिका, साप्ताहिकांचे अंक, सगळं श्रीलिपी, आकृती, कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टांत. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तेव्हा कॉपी करताना फॉन्टचा फोल्डर आधी उचला, मग कामाचे फोल्डर. आणि सीपीयू भंगारात घालण्यापूर्वी मागे श्रीलिपीचं लॉक, म्हणजे डोंगल, अडकवलेलं आहे का, तेवढं बघून काढून घ्या.