आधी पाय, मग हात

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान सुरू झालं आणि दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबच्या माणसालाही विमान जवळ आलं. हे एटीआर 72-600, पंख्यांचं, दोन इंजिनांचं. ‘त्यातलं एक बंद पडलं तर?’ हा प्रश्न गावाकडे हमखास येतो. तर ते दुसऱ्यावर उडतं, वरही चढतं. फक्त बैलजोडीतला एक बैल बसला की गाडी जशी त्याच्याकडे वळते, तसं नाक बंद इंजिनाच्या बाजूला जातं. वैमानिकाने आधी पायाने रडर दाबून ते सरळ धरायचं. इंजिनाच्या लिव्हरला हात नंतर.

मला भीती इंजिनाची नाही, त्या हाताची वाटते.

4 फेब्रुवारी 2015, तैपेई. ट्रान्सएशियाचं याच जातीचं एटीआर उडालं आणि मिनिटभरात उजव्या पंख्याची पाती आपोआप वाऱ्याला समांतर झाली. दोष इंजिनाचा नव्हताच; एका इलेक्ट्रॉनिक युनिटमधला डाख तडकला होता. अशा वेळी उरलेल्या इंजिनाची ताकद यंत्रणाच वाढवते. तरी कॅप्टनने डावा, म्हणजे धडधाकट इंजिनाचा पॉवर लिव्हर मागे ओढला आणि पुढे ते इंजिन बंदच केलं. सहवैमानिकाने ‘आधी ताडून पाहू’ असं सुचवलं होतं. 58 पैकी 43 जण गेले. हाच कॅप्टन आदल्या वर्षी सिम्युलेटरच्या परीक्षेत एकदा नापास झाला होता.

1989 मध्ये इंग्लंडात केगवर्थला बोईंग 737 च्या वैमानिकांनीही चांगलंच इंजिन बंद केलं. त्याचा लिव्हर मागे घेताच योगायोगाने धूर आणि थरथर कमी झाली, म्हणून त्यांची खात्रीच पटली. 47 बळी.

आग लागली तरी ताडून पाहायला थांबायचं का, असं कोणी विचारेल. 12 ऑक्टोबर 1976 ला मुंबईच्या सांताक्रूझहून मद्रासला निघालेल्या कॅरॅव्हेल विमानाचं इंजिन फुटलं, आगीत हायड्रॉलिक यंत्रणा गेली आणि 95 जण दगावले. तिथे वेळ खरंच नव्हता. पण चुकीचा लिव्हर ओढून आगीतही वेळ वाचत नाही.

नियम जुनाच आहे: एकाने लिव्हरवर हात ठेवून ‘हाच’ म्हणायचं, दुसऱ्याने पाहून ‘हो’ म्हणायचं, मग ओढायचा. या दोन शब्दांना किती सेकंद लागतात? विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने सिम्युलेटरच्या परीक्षेत, समोरच्याच्या ‘हो’ची वाट न पाहता बरोबर लिव्हर ओढणाऱ्यालाही नापास करावं.