पुन्हा चालवली, हिरवी झाली

वेबसाइट बनवणाऱ्या टीममध्ये रोज कानावर पडणारं एक वाक्य मला फार घातक वाटतं : "टेस्ट फ्लेकी आहे, रीरन कर." कोड तोच असताना जी टेस्ट कधी पास, कधी फेल होते, ती फ्लेकी. रीरन केलं, हिरवी खूण आली, की बिल्ड पुढे सरकतो. आधी लाल का झाली होती, हे कुणी विचारत नाही.

बुकिंगच्या एखाद्या फॉर्ममध्ये आजची तारीख आपोआप भरली जाते, असं धरा. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे ५.३० पर्यंत आपल्याकडे तारीख बदललेली असते, सर्व्हरवर नसते. रात्रीच्या बिल्डमध्ये टेस्ट लाल होते, सकाळी दहाला रीरन केली की हिरवी. टीम तिच्यावर फ्लेकीचा शिक्का मारते. टेस्ट मात्र खरं तेच सांगत होती! रात्री एक वाजता तिकीट काढायला बसलेल्या माणसाला फॉर्म कालची तारीख दाखवतोच आहे. टेस्टमधलं घड्याळ रात्री एकवर गोठवलं, तर हा बग भरदुपारीही पकडता येतो.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे स्लीप. बटण यायला वेळ लागतो म्हणून 'तीन सेकंद थांब' असं लिहून ठेवायचं. मशीनवर ताण असला आणि चार सेकंद लागले, की टेस्ट पडली. जेसन हगिन्स यांनी २००४ साली थॉटवर्क्समध्ये वेबसाइटच्या टेस्ट आपोआप चालवणारं सेलेनियम हे साधन सुरू केलं, तेव्हापासून टेस्टर हे दुखणं अंगावर काढत आले आहेत. २०२० मध्ये आलेलं मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट हे तसंच साधन बटण क्लिक करण्याजोगं होईपर्यंत स्वतःच थांबतं. रीट्राय लावून पास झालेली टेस्ट ते रिपोर्टमध्ये 'फ्लेकी' म्हणून वेगळी दाखवतं. ती यादी रोज वाचली पाहिजे.

आपल्या जवळपास १६ टक्के टेस्ट कमीअधिक फ्लेकी असल्याचं गुगलने २०१६ साली जाहीरपणे सांगितलं होतं. तेव्हा त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण रीरनवर वेळ मारून नेली, की टेस्टरच्या शब्दाची किंमत जाते, आणि त्याने खरा बग आणला तरी "आधी रीरन करून बघ" हेच ऐकावं लागतं.

टीम लीड मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. फ्लेकी टेस्ट दिसली की कुणाच्या तरी नावावर टाका आणि स्प्रिंटमध्ये त्या कामाला वेळ द्या. कारण सापडेपर्यंत ती टेस्ट बाजूला काढा, आणि तोवर प्रत्येक रिलीजआधी ती टेस्ट तपासत असलेला भाग एका माणसाने स्वतः वापरून पाहावा.