बालहृदयाची झडप आणि घराची दक्षता

हृदयाच्या झडपा म्हणजे रक्ताला एकाच दिशेने जाऊ देणारी दारे होत. ती जन्मतः सदोष असली किंवा संधिवाती तापाने निकामी झाली, तर शल्यविशारद प्रथम दुरुस्तीचा यत्न करतात. ती अशक्य ठरल्यावरच कृत्रिम झडप बसवितात. या शस्त्रक्रियेने अनेक बालकांना जीवदान मिळते. तथापि काही बालके नंतर का दगावतात, हे पालकांना ठाऊक असले पाहिजे.

पहिले कारण वय. तान्ह्या बाळाला धोका सर्वाधिक असतो. इवल्या हृदयात मावेल अशी झडप मिळणे कठीण. शिवाय मूल वाढते, झडप वाढत नाही. म्हणून पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. दुसरे कारण स्थान. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील मायट्रल झडप बदलणे मुलांमध्ये विशेष जोखमीचे असते. तिसरे कारण विलंब. हृदय थकून गेल्यावर तातडीने केलेल्या शस्त्रक्रियेत मृत्यूचा संभव वाढतो.

वय आणि स्थान आपल्या हाती नाहीत. वेळ मात्र पुष्कळदा असते. डॉक्टरांनी तारीख सुचविल्यावर ‘दिवाळीचा सीझन उरकू दे’ म्हणून ती लांबवू नये.

घरी परतल्यावरही धोका सरत नाही. यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरीनसारखे औषध आजन्म घ्यावे लागते. औषध कमी पडले तर गुठळी, अधिक झाले तर रक्तस्राव. दोन्ही प्राणघातक ठरू शकतात. ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी हा तोल दाखविते.

येथे आपल्या घरांनी विशेष जपावे. पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व या औषधाचा प्रभाव कमी करते. चातुर्मासात घरात पालेभाजीचा त्याग झाला, की औषधाची मात्रा तीच राहूनही प्रभाव वाढू शकतो. उपवासानेही हा तोल ढळतो. म्हणून आहारात बदल करण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे, आणि अशा बालकाच्या नियम-तपाविषयी गुरुमहाराजांशी मोकळेपणाने बोलावे.

दातांचे उपचार करण्यापूर्वी दंतवैद्यांना झडपेची कल्पना द्यावी; ताप आल्यास तो अंगावर काढू नये. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या कधीही देऊ नयेत.

दुकानाचा रोजमेळ आपण एक दिवसही चुकवीत नाही. तशीच एक वही बाळाच्या औषधाची आणि तपासणीची ठेवावी.