धक्के सोसणारें नळकांडें

संसारांत जीं माणसें सर्वांत अधिक सोसतात, त्यांच्याकडे आपलें लक्ष सर्वांत उशिरां जातें, हा अनुभव कोणत्याही मोठ्या कुटुंबास नवा नाहीं. यंत्रांचेंही तसेंच आहे. इंजिन बिघडलें म्हणजे तें ओरडून सांगतें. टायर फुटला म्हणजे गाडी जागच्या जागीं उभी राहते. बॅटरी बसली तर सकाळीं सारें घर अंगणांत जमतें. परंतु चाकाच्या आंतल्या अंगास उभें राहून रस्त्याचा प्रत्येक धक्का जिरविणारें एक नळकांडें असतें, तें झिजून निकामी झालें तरी गाडी चालतच राहते; म्हणून त्याची आठवण कोणास होत नाहीं. मिस्त्री लोक त्याला 'शॉकअप' म्हणतात. अलीकडच्या गाड्यांच्या पुढच्या चाकांशीं स्प्रिंगसह जें असतें त्यास 'स्ट्रट' असेंही नांव आहे. या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे. विषय रुक्ष वाटेल. पण ज्या घरीं जुनी मोटार आहे आणि तींतून म्हातारीं माणसें व मुलें प्रवास करितात, त्या घरास तो परका वाटूं नये.

प्रथम तत्त्व पाहूं. ज्यांनीं अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' वाचला असेल त्यांस स्मरत असेल कीं, तेथें संस्कार नांवाच्या गुणाचे तीन प्रकार सांगितले आहेत : वेग, भावना व स्थितिस्थापक. वांकविलेली फांदी सोडली असतां पूर्वस्थितीस येते ती या तिसऱ्या संस्कारामुळें. शालेय पदार्थविज्ञानांतील 'स्थितिस्थापकता' हा शब्द याच घराण्यांतला. मोटारीची स्प्रिंग म्हणजे हा संस्कार पोलादांत बांधून ठेवलेला. खड्डा आला कीं ती दबते, आणि लागलीच आपल्या मूळ लांबीस येऊं पाहते. गोम अशी कीं, मूळ लांबीस आलेली स्प्रिंग तेथें थांबत नाहीं. पहिला संस्कार जो वेग, तो तिला पुढें ढकलतो; ती ताणली जाते, पुन्हां दबते, पुन्हां ताणली जाते. झोपाळ्यास एकदां धक्का दिला म्हणजे तो जसा किती तरी वेळ हलत राहतो, तशी मोटार एका खड्ड्यामागें सेकंदास एक-दीड झोके घेत राहील. हा वेग कोणी तरी खाऊन टाकला पाहिजे. तें काम या नळकांड्याचें.

त्याची रचना साधी आहे. नळकांड्यांत तेल असतें. त्या तेलांत एक दट्ट्या वरखालीं होतो. दट्ट्यास बारीक छिद्रें व झडपा असतात. विहिरींत पोहणारास ठाऊक असतें कीं, हात सावकाश फिरविला तर पाणी वाट देतें, आणि जोरानें मारला तर तेंच पाणी अडवितें. दट्ट्याचेंही तसेंच. धक्का जितका जोराचा, तितका तेलाचा विरोध अधिक. झोक्याची सारी शक्ति तेल गाळून निघण्यांत खर्च होते व तिची उष्णता बनते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचें नळकांडें हातास कोमट लागतें तें याच कारणानें. म्हणजे वजन पेलते ती स्प्रिंग, आणि धक्का शांत करितें तें नळकांडें. तोंडाशीं असलेलें रबरी सील झिजलें, तेल पाझरूं लागलें, आंतल्या झडपा सैल झाल्या, कीं स्प्रिंग एकटी पडते आणि झोके घेऊं लागते.

आपल्या आजोबांच्या काळीं टांग्यास पोलादी पाट्यांची कमान असे. ते पाटे एकमेकांवर घांसत, आणि त्या घर्षणानेंच झोका बराचसा मरे. पुढें मोटारी आल्या. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची, मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी पद्मिनी, किंवा बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसिडर, या गाड्यांत मागें कमानीच होत्या व धक्के जिरविणारें साधन निराळें बसविलेलें असे. अर्ल मॅकफर्सन नांवाच्या अमेरिकन इंजिनिअरानें यांत मोठा फरक केला. त्यानें स्प्रिंग व नळकांडें एकत्र करून त्यांचा एकच खांब बनविला, आणि चाकाचा वरचा आधारही त्याच खांबावर सोंपविला. इंग्लंडांतील फोर्ड कंपनीनें १९५० सालीं कॉन्सल व झेफिर या गाड्या लोकांपुढें मांडल्या, त्यांस हे खांब होते. आपल्याकडे ही रचना घरोघर पोंचविली ती मारुती ८०० गाडीनें. तिची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजीं ग्राहकाच्या हातीं पडली, आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. एम. एच. २६ व एम. एच. २४ अशा पाट्या मिरविणाऱ्या, म्हणजे नांदेड व लातूर येथें नोंदलेल्या त्या गाड्यांपैकीं कांहीं अद्याप दारोदार उभ्या दिसतात.

हें सांगण्याचें कारण असें कीं, या रचनेंत नळकांडें झिजलें म्हणजे केवळ बसणाराचें सुख गेलें असें होत नाहीं. जो खांब धक्का जिरवितो तोच चाकाला उभें धरतो, आणि सुकाणूचें चक्र फिरविलें असतां तोच वळतो. चाक उसळून क्षणभर जरी रस्त्यावरून उचललें गेलें, तरी त्या क्षणापुरता ब्रेक व्यर्थ होतो. अधांतरीं असलेलें चाक कोणासही थांबवूं शकत नाहीं.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गानें लातूरास जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ३६१ म्हणून ओळखला जातो. गोदावरीच्या खोऱ्यांतून मांजरेच्या खोऱ्यांत जाणारा हा सारा प्रदेश काळ्या जमिनीचा. कापसास व हरभऱ्यास ती उत्तम. रस्त्यास मात्र वैरीण. ही माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पुरेसा मुरूम व खडी न घालतां केलेला रस्ता दरवर्षीं थोडा वर उचलला जातो व थोडा खालीं बसतो. मुख्य मार्ग सुधारले, तरी गांवांत शिरणारे फांटे तसेच लाटांसारखे राहतात. त्यांत उसाच्या हंगामांत भरलेल्या ट्रॉल्यांची भर. एक मोठा खड्डा चालकास दिसतो व तो गाडी सावकाश घेतो. परंतु या लहान लहान लाटा दिसत नाहींत, आणि नळकांडें झिजविण्यांत त्यांचाच वांटा मोठा. सामान्यतः ८०,००० किलोमीटरांच्या सुमारास शॉकअप तपासून घ्यावेत असें सांगतात; आमच्याकडील रस्त्यांवर ती तपासणी त्याच्या पुष्कळ अगोदर व्हावी हें उघड आहे.

एकत्र कुटुंबांतील मोटारीची एक निराळी अडचण आहे. ती चालविणारे तिघे-चौघे असतात, आणि झीज इतकी हळूहळू होते कीं प्रत्येकास वाटतें, गाडी पहिल्यापासून अशीच आहे. सामायिक विहिरीचा रहाट कोणीं दुरुस्त करावयाचा, हा जो जुना प्रश्न, तोच येथें नव्या रूपानें उभा राहतो. शिवाय खर्चाचा निर्णय करितो तो पुढें बसणारा. आणि धक्का अधिक लागतो मागें बसणाराला, कारण मागचें आसन लहान गाड्यांत जवळजवळ चाकांवरच येतें.

आमच्या परिचयाच्या नांदेडच्या एका घरांतील गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. तिघे भाऊ, एक जुनी मारुती, आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आई. लेक लातूरास दिलेली. शिवाय नातू लातूरास शिकावयास राहिलेला. त्यामुळें आईची महिन्या-दोन महिन्यांची फेरी ठरलेली असे. एके वर्षीं तिनें जाणें सोडलें. "आतां मला प्रवास झेपत नाहीं रे," एवढेंच ती म्हणे. मुलांनीं तें वयावर घातलें, आणि वय झालेंच होतें, तेव्हां कोणी अधिक विचारलें नाहीं. पुढें धाकट्या सूनबाईनीं एक दिवस गाडी धुतांना पुढच्या टायरावरून तळहात फिरविला, तों रबर एकसारखें झिजलेलें नसून ठिकठिकाणीं वाटीसारखें खोलगट झाल्याचें हातास लागलें. त्यांनीं थोरल्या दिरांना दाखविलें. "भाऊजी, हें टायराचें दुखणें नव्हे, चाक उड्या मारीत चालतें आहे," असें त्या म्हणाल्या. मिस्त्रीनें पाहिलें तों पुढचे दोन्ही स्ट्रट तेलानें माखलेले, आणि मागचे दोन शॉकअप हातानें दाबले तर आपण होऊन वर न येणारे. चारही बदलले. त्यानंतर आईंना एकदां लोह्यापर्यंत नेऊन आणलें. त्या घरीं येऊन म्हणाल्या, "मग मागच्या वर्षींच कां नाहीं केलेंत?" या प्रश्नास उत्तर नव्हतें. पुढच्या महिन्यांत त्या लेकीकडे गेल्या.

वय हें पुष्कळ गोष्टींचें कारण असतें, हें खरें. परंतु म्हातारें माणूस जेव्हां एकादी गोष्ट टाकूं लागतें, तेव्हां त्याच्या वयाच्या अगोदर त्याच्या बसण्याची जागा एकदां तपासावी.

तपासणी घरींही करितां येते. गाडी सपाट जागीं उभी करून एकेका कोपऱ्यावर भार देऊन तो एकदम सोडावा. गाडी वर येऊन तेथेंच स्थिर व्हावी. दोन-तीनदां डोलली तर नळकांडें थकलें असें समजावें. न डोलली म्हणून मात्र तें निर्दोष ठरत नाहीं. कांहीं दोष वेगांतच प्रगट होतात. नळकांड्यावर तेलाचा नुसता ओलावा असला तर घाबरूं नये. ओघळ दिसला तर मात्र तें गेलें. ब्रेक दाबतां गाडीचें तोंड फार खालीं जाणें, वळणावर ती एका अंगास कलणें, चक्र फिरवितांना वरच्या बाजूनें 'खट्' असा आवाज येणें, हींही चिन्हें ध्यानांत ठेवावीं. आवाज पुष्कळदां वरच्या रबरी बैठकीचा किंवा तिच्यांतील बेअरिंगचा असतो.

बदलतांना चार गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली : शॉकअप जोडीनें बदलावेत. एक नवा व एक जुना ठेवला तर ब्रेक लावतांना व वळतांना गाडीच्या दोन बाजू दोन तऱ्हेनें वागतात. दुसरी : जुन्या नळकांड्यांत तेल भरून देण्याची कांहीं ठिकाणीं प्रथा आहे, तिच्या मोहांत पडूं नये, तेल नवें झालें तरी झिजलेल्या झडपा व दांडा जुनेच राहतात. तिसरी : वरची बैठक, बेअरिंग, धूळ अडविणारी टोपी व आंतला रबरी ठोकळा हीं त्याच वेळीं पाहून, झिजलीं असल्यास बदलावीं, त्यांसाठीं पुन्हां सगळें उघडणें म्हणजे मजुरी दोनदां देणें. चौथी : काम झाल्यावर चाकांचें अलाइनमेंट करवून घ्यावें; कारण खांब हलला म्हणजे चाकाचा कलही हलतो, आणि तो न सुधारल्यास नवे टायर कांहीं महिन्यांत एका बाजूनें खाऊन जातात.

याहून महत्त्वाची गोष्ट मिस्त्रीच्या जिवाची आहे. साडेसहाशे किलोंच्या लहान गाडींतही पुढच्या एकेका चाकावर सुमारें दोनशे किलो भार असतो. तो पेलणारी स्प्रिंग खांबावर दाबून बसविलेली असते, आणि वरच्या एका नटानें तिला कोंडून ठेवलेलें असतें. दोन्ही बाजूंस पकडणाऱ्या शिकंज्यानें ती बरोबर आंवळल्यावांचून तो नट सोडला, तर वरची बैठक तोफेच्या गोळ्याप्रमाणें उडते. दोरीनें किंवा तारेनें बांधून हें काम उरकणारे लोक आहेत. त्यांच्याजवळ बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा हाताखालीं असतो, आणि स्प्रिंगवर वांकलेला असतो तो तोच. आपण घाई केली नाहीं, योग्य साधन असलेल्या गॅरेजांत गेलों, गाडी केवळ जॅकवर न ठेवतां खालीं भक्कम घोड्या लावावयास सांगितलें, तर त्या मुलाचा हात व तोंड शाबूत राहील. पैसे देणारानें एवढें विचारणें हा आगाऊपणा नव्हे. घरच्या हौशी तरुणांनींही शिकंज्याखेरीज या नटास हात लावूं नये.

राहतां राहिला खर्चाचा प्रश्न. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणें खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत चालते व पुढें पांच पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते. तेव्हां जुनी गाडी ठेवावी कीं काढावी, हा विचार त्या वेळीं घरांत होतोच. तो करितांना रंग व इंजिन पाहतात. त्याच बैठकींत चारही शॉकअपांचा खर्च मांडावा. गाडीचा सांगाडा गंजला असेल तर नवें नळकांडें बसवून पैसे घालवूं नयेत. सांगाडा निरोगी असेल तर हा खर्च टाळून गाडी वापरणें म्हणजे तोच पैसा टायरांच्या, बुशांच्या आणि मागें बसणारांच्या कंबरेच्या रूपानें हप्त्याहप्त्यानें भरणें होय.

ज्या घरीं गाडी सामायिक आहे तेथें एक वही गाडींतच ठेवावी. केव्हां काय बदललें, त्या वेळीं किती किलोमीटर झाले होते, पैसे कोणीं दिले, हें तींत लिहावें. आणि दर दिवाळीच्या अगोदर, फराळाच्या धामधुमींत गाडी गांवोगांव फिरूं लागण्यापूर्वीं, घरांतल्या सर्वांत वडील माणसास मागच्या आसनावर बसवून गांवच्या खराब रस्त्यानें एक फेरी मारावी, आणि गाडी कशी आहे हें चालकास न विचारतां त्यांना विचारावें.